वुकोताची साक्ष

आमच्या द्रेनोव्हिक गावात वुकोताबद्दल दोन मतं होती, आणि दोन्ही त्याच्या पाठीमागेच बोलली जायची. एक असं, की असा कमांडर सात डोंगर पालथे घातले तरी मिळायचा नाही. दुसरं असं, की तो मिळाला नसता तर बरं झालं असतं. साठीला टेकलेला माणूस, अंगानं ताडमाड, मिशा कानाला भिडलेल्या, आणि डाव्या मांडीत तुर्काची एक गोळी कायमची मुक्कामाला. लिहिता-वाचता येत नव्हतं. सही करायची वेळ आली की जिभेचं टोक बाहेर काढून तो चार अक्षरं अशी कोरायचा, की खालच्या लाकडावर उमटायची. पण कुरणाच्या हद्दीवरून दोन घरांत सुरे निघाले की गाव धावायचं ते त्याच्याकडेच. तो दोघांचं ऐकायचा, एक वाक्य बोलायचा आणि उठायचा. त्या वाक्याचं कारण विचारायची हिंमत कोणी केली नाही. त्यालाही कारण द्यायची सवय कधी लागली नाही, आणि हेच पुढे नडलं.

लढाई आली तेव्हा गावच पलटण झालं. आमच्याकडे फौज म्हणजे वेगळं काही नसायचंच. हुकूम देणारा चुलता, स्वयंपाक करणारा मेहुणा, आणि पहाऱ्यावर घोरणारा साडू. सरकार काडतुसं पाठवायचं, भाकरी घरच्या. दर शनिवारी बायका पाठीवर झोळ्या बांधून दोन दिवसांचा डोंगर चढून यायच्या, मक्याची भाकर, चीज, सुकवलेलं बोकडाचं मांस पोचवून त्याच पावली परत फिरायच्या. एकोणीसशे पंधरा सालच्या मे महिन्यात आमची पलटण हर्झेगोविनाच्या हद्दीवरच्या खिंडीत बसली होती. समोरच्या उतारावर ऑस्ट्रियाची फौज. आमच्याकडे एकच तोफ, तीही म्हातारी. वुकोतानं ती एका सुळक्याआड अशी दडवली होती, की समोरच्यांना महिनाभर तिचा पत्ता लागला नव्हता. त्या तोफेवरचा पहिला गडी त्याचा एकुलता एक मुलगा, यागोश. बावीस वर्षांचा, बापासारखा उंच, पण हसरा. ते हसू त्याला आईकडून मिळालं होतं.

एका गुरुवारी पहाटे खालच्या झऱ्यावर गोलुब पहाऱ्याला होता. गोलुब म्हणजे गावातला सगळ्यात संथ माणूस. मेंढपाळ, तीन मुलींचा बाप; हाताला अशी चव की त्याचं चीज चार गावं मागायची; आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याला मध्ये एक डुलकी काढता यावी. झुडपातून एक शिपाई वर सरकत आला. अंगावर ऑस्ट्रियाचा गणवेश, गळ्यात दुर्बीण. दहा पावलांवर गोलुबनं बंदूक रोखली. त्या शिपायानं आपली बंदूक टाकली, टोपी टाकली, गुडघ्यावर बसला आणि हद्दीपलीकडेही बोलतात त्या आमच्याच भाषेत ओरडला, "देवाची आण, संत योवानाची आण, तू माझा कुम!"

आता आमच्यात कुम म्हणजे सख्ख्या भावापेक्षा वरचं नातं. लेकराचे पहिले केस कापतो तो कुम, लग्नात नवरानवरीच्या मागे उभा राहतो तो कुम, आणि मरणाच्या दारात ज्याला अशी हाक घातली जाते, तोही कुमच. पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्ताचं वैर असलं तरी त्या हाकेपुढे सुरा म्यानात जातो. ती हाक ऐकूनही ज्यानं हात उचलला, त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही, त्याच्या पोरी कोणी मागत नाही. गोलुबनं बंदूक खाली केली. त्या शिपायाला उठवलं, रीतीप्रमाणे गालांवर मुके दिले-घेतले आणि म्हणाला, "जा. परत या वाटेला येऊ नकोस." तो गेला.

त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, समोरून तोफा सुरू झाल्या. पहिले दोन गोळे इकडेतिकडे पडले. तिसरा नेमका सुळक्याआड. यागोश आणि त्याच्याबरोबरचे दोघे जागीच गेले. वुकोतानं मुलाला स्वतः उचलून आणलं, कोणाला हात लावू दिला नाही. शनिवारी गोर्दे, त्याची बायको, नेहमीसारखी दोन माणसांची भाकर घेऊन चढली. तिला वाटेत कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, आणि कुठल्या तोंडानं? तिनं तिथंच कमरेच्या सुरीनं आपली वेणी कापली. ती रडली तेव्हा गडीमाणसांनी टोप्या काढून डोंगराकडे तोंडं फिरवली.

गोलुबचं प्रकरण बाहेर आलं ते दुसऱ्या दिवशी. लाकडं आणायला गेलेल्या एकानं त्याला झुडपाआडून शत्रूच्या शिपायाचे मुके घेताना पाहिलं होतं. विचारल्यावर गोलुब "हो" म्हणाला, आणि आपली बंदूक आपणच आणून दिली. मग वरून कागद आला: पहाऱ्यावरून शत्रूला जाऊ देणं, त्यातून तीन माणसं आणि तोफ गमावणं; खटला पलटणीतच चालवावा, सगळ्यांसमोर. शिक्षा मरणाची झाली तर ती सूर्य मावळायच्या आत, आणि गोळ्या याच पलटणीनं घालाव्या.

कागदाबरोबर कायदा शिकलेला एक लेफ्टनंटही आला. निकिफोर त्याचं नाव. समुद्राकडचा, गोरटेला, चष्मेवाला. आमच्या माणसांनी पहिल्याच तासात त्याचं नाव 'वकील' ठेवून टाकलं. त्याच्याकडे नियमांचं एक पुस्तक होतं, आणि त्यात लिहिलं होतं की न्यायाला पाच जण बसावेत. त्यांतला कोणी आरोपीचा किंवा मेलेल्यांचा नातलग नसावा. वकिलानं उत्साहानं नावं विचारायला सुरुवात केली. हा आरोपीच्या आत्याचा नवरा. हा मेलेल्या गोलंदाजाचा चुलत चुलता. हा दोघांचाही मावसभाऊ. तासाभरानं त्याची पेन्सिल झिजली आणि यादीवर एकही नाव राहिलं नाही.

"मग या पलटणीत कोणाचा कोणीच नाही असा आहे तरी कोण?" त्यानं कपाळाला हात लावून विचारलं.

निशाणवाला शुतान, सत्तरीचा, म्हणाला, "तुम्ही आहात, साहेब. आणि ते दारूगोळा वाहणारं खेचर. तेही तुमच्याबरोबरच आलंय."

शेवटी तो नियम गुंडाळून ठेवावा लागला. खटला खालच्या शहरात न्यायची परवानगी मागता आली असती, पण तिथं गोलुबला कुम म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच जन्म गेला असता, आणि तेवढा वेळ त्याला कोणी दिला नसता. म्हणून पाच जण ठरले. चार पलटणीतले जाणते, त्यात शुतान एक, आणि प्रमुख म्हणून कमांडर वुकोता. वकील बिचकत म्हणाला, मेलेल्याचा बाप न्यायाला बसतोय हे बरं दिसत नाही. त्यावर पलटणीतून उत्तर आलं, वुकोता बसला नाही तर आम्ही कोणाचाच न्याय मानणार नाही. वुकोता मात्र गप्प राहिला. लोकांना वाटलं, दुःखानं.

दुःख तर होतंच. पण त्याच्या गप्प राहण्यामागे आणखी एक गोष्ट होती. ती पलटणीत दोघांनाच ठाऊक होती.

त्या गुरुवारी सकाळी, पहारा संपल्यावर, गोलुब त्याच्यापुढे येऊन उभा राहिला होता. टोपी हातात, नजर जमिनीवर. "कमांडर, ती तोफ तिथं नको. हलवा तिला," एवढंच म्हणाला. महिनाभर विचार करून, तीन रात्री खपून वुकोतानं ती जागा निवडली होती. मेंढरांमागे फिरणारा माणूस येऊन ती चुकीची ठरवतो, म्हणजे काय? "तू तुझी मेंढरं हलव. तोफेचं मी बघतो," वुकोता म्हणाला. गोलुब लगेच गेला नाही. थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग गेला.

नऊ दिवस वुकोता हे गिळून बसला होता. नऊ दिवस तो वाट बघत होता, की गोलुब आज बोलेल, उद्या बोलेल: मी तर सांगितलं होतं कमांडरला. त्यावर काय म्हणायचं ते त्यानं घोकून ठेवलं होतं. तोफ कुठं ठेवायची ते शिपाई ठरवत नाही. कारण न देता सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. उत्तर चांगलं होतं. तो स्वतःलाच दिवसातून दहादा ते ऐकवत होता.

खटल्याच्या दिवशी सकाळी गोर्दे त्याच्या राहुटीपाशी आली. काळी ओढणी, खाली कापलेले केस. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिनंही उभ्या आयुष्यात घेतलं नव्हतं. "अहो," ती म्हणाली, "मी आज परत जाणार नाही. बघूनच जाईन." त्यानं विचारलं, काय बघणार. ती म्हणाली, "ज्याच्यामुळे माझा यागोश गेला, त्याला गोळी लागलेली. मला दुसरं काही नको. तुम्ही न्यायाला बसलाय, मग न्याय करा." त्यानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत बघवेना म्हणून तो कमरपट्टा आवळत बसला, आधीच आवळलेला होता तरी.

खिंडीच्या खाली एक जुनं दगडी खळं होतं. तिथंच बसायचं ठरलं. आमच्याकडे धान्य मळायचं ते खळ्यावर, नाचायचं ते खळ्यावर, आणि भांडणं तोडायची तीही खळ्यावरच. कडेच्या दगडांवर पाच जण बसले. काडतुसांच्या खोक्यावर घोंगडी टाकून वकिलाचं टेबल झालं. मळणीचे बैल बांधायच्या मधल्या मेढीपाशी गोलुब उभा. सभोवती सगळी पलटण, आणि वरच्या बांधावर बायका. एका बाजूला चिठ्ठ्या टाकून निवडलेले सहा बंदूकवाले उभे होते. त्यांतल्या एकाच्या घरी गोलुबची धाकटी बहीण दिली होती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आरोपीच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसत नव्हतं. तो मेंढरं मोजायला उभा असावा तसा उभा होता.

वकिलानं आरोप वाचला. मग विचारलं, "त्या शिपायाला तू सोडलंस, हे कबूल?"

"कबूल," गोलुब म्हणाला. "त्यानं मला कुम केलं."

"कायद्यात कुम हा शब्द नाही."

"नसेल," गोलुब म्हणाला. "पण तुमचे केसही कोणी ना कोणी कापलेच असतील ना, साहेब."

पलटणीतून हसू फुटलं आणि लगेच विझलं. वकील लाल झाला, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं पुस्तक मिटलं आणि सावकाश, सगळ्यांना कळेल असं सांगितलं. पहाऱ्यावरून शत्रूला सोडणं हा गुन्हाच, त्यात वाद नाही. पण नुसता तेवढाच असता तर तुरुंगावर भागलं असतं. शत्रू तोफ बघून गेला, हे ठाऊक असूनही वरच्याला जराही सूचना न देणं, आणि त्यातून माणसं मरणं, याला मात्र मरणच आहे. "म्हणून नीट विचार करून उत्तर दे," तो गोलुबला म्हणाला. "तोफ त्यानं पाहिली असेल, हे तुला कळलं होतं?"

"कळलं होतं. झऱ्यावरून सुळक्यामागचं दिसतं."

"मग तू कोणाला काही बोललास का? कोणालाही? एक शब्द?"

हाच तो क्षण. वुकोताचं घोकलेलं उत्तर जिभेवर येऊन बसलं.

गोलुबनं आपल्या कातडी वहाणांकडे पाहिलं. "नाही, कोणालाच नाही."

वकिलानं लिहून घेतलं. खळ्यावर कुजबुज झाली. शुताननं जमिनीवर थुंकून मान फिरवली. वुकोताला आधी वाटलं, माणूस घाबरून विसरला. मग गोलुबनं क्षणभर मान वर केली, त्याच्याकडे नाही, वरच्या बांधाकडे, जिथं गोर्दे बसली होती, आणि पुन्हा खाली घातली. तेव्हा वुकोताला उमजलं. या माणसानं ठरवून टाकलं होतं. त्या घरातला मुलगा गेलाय. आता त्या बाईला त्याच्या बापाकडेही बघवणार नाही असं काही आपल्या तोंडून जायला नको. तीन पोरी मागे ठेवून हा माणूस मरायला निघाला होता, आणि तेही त्याचा, वुकोताचा, संसार झाकायला.

मन मोठं लबाड असतं. त्यानं लगेच एक वाट काढून दिली. बोलायची गरजच काय? मतं लहानापासून घेतात, म्हणजे तुझं मत शेवटचं. नुसतं 'सोडा' म्हण. कदाचित तेवढ्यानं भागेल. वाचला तर वाचला, आणि वर लोक काय म्हणतील? पोटचा पोर गेला, तरी माफ केलं. केवढ्या दिलाचा माणूस. पुढे नातवंडांना त्याच्या गोष्टी सांगतील. वुकोतानं ते सगळं क्षणभर डोळ्यांपुढे पाहिलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. आयुष्यात त्यानं बऱ्याच चुका केल्या असतील, पण दुसऱ्याच्या मरणावर स्वतःची आरती ओवाळून घेतली नव्हती.

तो उठला. "लिहिलेलं खोड," वकिलाला म्हणाला. "हा खोटं बोलतोय."

"म्हणजे?" वकील म्हणाला.

"त्यानं सांगितलं होतं. मला."

इतका वेळ न हललेला गोलुब एकदम पुढे आला. "काका, खाली बसा," तो हळूच म्हणाला. खटल्यात त्यानं पहिल्यांदाच त्याला काका म्हटलं. "बसा ना. आता कशाला?"

वकिलानं हात वर करून दोघांना थांबवलं. न्यायाला बसायचं किंवा साक्षीला उभं राहायचं, दोन्ही एकाला करता येत नाही, असं त्यानं सांगितलं. कमांडरनी साक्ष दिली तर त्यांचं मत गेलं. उरले चार. चौघांत बरोबरी झाली तर आरोपीचा जीव वाचतो. तिघं एकीकडे गेले तर कमांडरना काही करता येणार नाही. "पुन्हा विचार करा," तो म्हणाला.

वुकोतानं चौघांकडे पाहिलं. एकाचा पुतण्या यागोशबरोबर गेला होता. शुतानचा राग सगळ्यांना दिसत होता. उरलेल्या दोघांच्या चेहऱ्यांवरून काही कळत नव्हतं. आपलं मत हातचं घालवणं म्हणजे गोलुबचा जीव यांच्या हाती देणं. पण हे चौघे मत देणार ते खोट्यावर, आणि ते खोटं त्याच्या नावानं बोललं गेलं होतं. तो दगडावरून उतरला, पाय ओढत खळं ओलांडलं, आणि गोलुबच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग त्यानं टोपी काढली. मुलाच्या मातीची वेळ सोडली तर त्याला उघड्या डोक्यानं कोणी पाहिलं नव्हतं.

त्यानं सांगितलं ते सरळ सांगितलं. चुकवाचुकवी केली नाही. गुरुवारी सकाळी हा माझ्याकडे आला. तोफ हलवा म्हणाला. मी त्याला मेंढरं हलवायला सांगितलं. हा उभा राहिला, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर वेळ होता. खेचरं होती. तोफ हलवता आली असती. एवढं बोलून तो थांबला, आणि बांधाकडे न बघता म्हणाला, "माझा यागोश माझ्या हेक्यानं गेला."

वकिलानं चष्मा पुसला, परत घातला. त्याचं काम अजून संपलं नव्हतं, आणि ते त्याला करावं लागलं. तो गोलुबकडे वळला. कारण न सांगता तोफ हलवायला सांगितलंस, हे आता ऐकलं. पण कमांडरनी तुला 'का' म्हणून विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस का? की कुमसाठी तेव्हाही गप्प बसला असतास?

हा प्रश्न काय करणार, ते सगळ्यांना कळलं. 'गप्प बसलो असतो' म्हटलं तर गोलुब मेला, आणि वुकोता सुटला. मग विचारून काय फरक पडला असता? 'सांगितलं असतं' म्हटलं तर गोलुबला आशा होती, आणि वुकोताला जन्मभर सुटका नव्हती. गोलुबनं कधी नव्हे एवढा वेळ घेतला. त्याला खोटं बोलायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. वुकोताच म्हणाला, "खरं बोल, पोरा. आपलं दोघांचं खोटं बोलून झालं."

"सांगितलं असतं," गोलुब म्हणाला. "आपणहून कुमचं नाव काढता येत नाही. पण आपल्या कमांडरनं विचारलं तर खोटंही बोलता येत नाही. तेवढ्यासाठीच थांबलो होतो मी. म्हटलं, विचारतील."

चौघं कडेला जाऊन उभे राहिले. सूर्य पश्चिमेच्या धारेवर आला होता. सहा बंदूकवाले त्याच्याकडे आणि एकमेकांकडे बघत होते. सगळ्यात लहान म्हणाला, जीव घेऊ नये. दुसरा, ज्याचा पुतण्या गेला होता, म्हणाला, मरण. तिसराही, जरा थांबून, मरणच म्हणाला. सोडलं तर उद्या प्रत्येक झऱ्यावर कुम भेटतील, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. राहिला शुतान. त्याच्यावर कोणाचीच आशा नव्हती. म्हाताऱ्यानं वुकोताच्या उघड्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. "जगू दे," तो म्हणाला. "मेंढपाळानं आपलं काम केलं होतं."

दोन आणि दोन. वकिलानं घाईघाईनं लिहिलं, जणू कोणी मत बदलेल: पहाऱ्यावरून शत्रूला सोडल्याबद्दल सहा महिने पुढच्या चौकीवर, बिनपगारी. गोलुबच्या बहिणीच्या नवऱ्यानं बंदूक तिथंच टाकली आणि तो खाली बसून लहान मुलासारखा रडला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. गोलुबनं ते सहा महिने काढले, लढाई संपल्यावर गावी परतला, तिन्ही मुलींची लग्नं केली. वुकोतानं दुसऱ्याच दिवशी आपला कमरपट्टा आणि तलवार वकिलापुढे ठेवली. वकील म्हणाला, यासाठी नियमात कलम नाही, आणि तुमच्याऐवजी माणूसही नाही. तेव्हा त्याला तोच पट्टा बांधून त्याच माणसांपुढे उभं राहावं लागलं, आणि मला विचाराल तर ती शिक्षा गोलुबच्या शिक्षेपेक्षा मोठी होती. तो आणखी पंधरा वर्षं जगला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी खळं रिकामं झालं, बायका उतरायला लागल्या, तेव्हा गोर्दे शेवटी उठली. वुकोता मेढीपाशीच होता, टोपी अजून हातात. ती त्याच्यापर्यंत आली. त्याला वाटलं, ती ओरडेल, नखांनी तोंड फाडेल. तो त्यासाठी उभाच होता. तिनं झोळी खांद्यावरून खाली घेतली, त्याच्या वाटची भाकर काढून दगडावर ठेवली. मग साध्या आवाजात, बाजारातून आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

"तो किती वेळ उभा होता?"

तो म्हणू शकला असता, क्षणभर. तिथं दुसरं कोणी नव्हतं, आणि गोलुबला विचारायला ती कधी गेली नसती. त्यानं दगडावरच्या भाकरीकडे पाहिलं.

"मी चिलीम भरली," तो म्हणाला. "पेटवली. सगळी ओढून संपवली. तोवर."

गोर्देनं झोळी पाठीवर घेतली, गाठ दोनदा बांधली, आणि बाकीच्या बायकांच्या मागून डोंगर उतरायला लागली.